पद सुरू होण्याआधी

बीड जिल्ह्यात गाणाऱ्या माणसांची वानवा नाही. चैत्रात नारायणगड, भगवानगड, गहिनीनाथगड यांचे नारळी सप्ताह सुरू झाले की कीर्तनकाराच्या मागे उभ्या असलेल्या गायकांत मिसरूड न फुटलेली पोरं दिसतात, आणि ती अशी चाल उचलतात की मंडपाच्या पार मागच्या टोकाला डुलक्या घेणारी म्हातारी मान वर करून बघते. लग्नानंतरच्या जागरण-गोंधळात रात्रभर संबळ घुमतो. बीड शहरातल्या मोहल्ल्यांत नात आणि कव्वाली म्हणणारे गळे आहेत. एप्रिलमध्ये जयंती जवळ आली की वस्तीवस्तीतून भीमगीतांच्या तालमी ऐकू येतात. असं असूनही 'संगीत नाटक बसवतोय, रविवारी निवड चाचणी आहे, या' म्हटलं की यातली बहुतेक माणसं एक पाऊल मागं सरतात. "आपल्याला कुठं नाट्यसंगीत येतंय, सर!" हे त्यांचं उत्तर मला आता पाठ झालंय.

ही पुस्तिका त्यांच्यासाठी आहे. ज्यांच्या घरी भिंतीवर विशारदचं प्रमाणपत्र टांगलेलं आहे त्यांनीही ती वाचावी, पण त्यांच्या अडचणी निराळ्या असतात. त्या ओघात येतील.

मी पेटीवर बसणारा माणूस. दिग्दर्शकाला उमेदवार समोरून दिसतो, मला बाजूनं. बाजूनं पाहिलं की श्वास कधी घेतला, खांदे कधी उचलले, सूर मागताना नजर कुठं गेली, हे लपत नाही. असं बघत बसण्यातून माझं एक मत तयार झालं आहे आणि या पुस्तिकेतली सगळी प्रकरणं त्याच्या आधारानं लिहिली आहेत. संगीत नाटकाच्या चाचणीत गळ्याची परीक्षा दुय्यम. खरी परीक्षा बोलण्यातून गाण्यात जाण्याची. नाटकातलं पात्र बोलता बोलता अशा जागी येतं की पुढचं बोलून भागत नाही, म्हणून ते गाऊ लागतं. ती जागा ज्याला सापडली त्याचा सूर जरा हलला तरी चालतो. सूर तालमीत बसवता येतो. पण जो संवाद संपवतो, थांबतो, खाकरतो, पाय जुळवून ताठ उभा राहतो आणि मग मैफल सुरू करतो, त्याचा गळा कितीही गोड असो, त्याच्यापुढं लांबचा रस्ता असतो.

नाट्यसंगीत म्हणजे पुण्या-सांगलीकडचं, आपल्या हाताबाहेरचं काहीतरी, हा समज आपल्याकडं खोल रुजला आहे. त्याला इतिहासाची बाजूही आहे. मोठ्या नाटक मंडळ्या भरात होत्या तेव्हा बीड निजामाच्या राज्यात होतं, थेट सप्टेंबर १९४८ पर्यंत. बालगंधर्वांचं नाव आपल्या आजोबा-पणजोबांनी ऐकलं ते बहुतेक तबकडीवरून. पण संगीत नाटक जन्मलं कसं ते पाहिलं तर हे परकेपण टिकत नाही. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल'चे पहिले चार अंक केले तेव्हा ते सरकारी कचेरीत नोकरी करत होते. म्हणजे हा प्रकार सुरूच झाला तो नोकरी सांभाळून नाटक करणाऱ्याच्या हातून. कल्पना सुचली ती पारशी मंडळीचं नाटक पाहून, आणि त्या नाटकाच्या मुळाशी लखनौची उर्दू 'इंद्रसभा' होती. आणि चाली? कीर्तनात हरदास म्हणत त्या साक्या, दिंड्या, कामदा, ओव्या, शिवाय लावणीची वळणं आणि कर्नाटकाकडून आलेल्या काही चाली. रागदारीचं वजन मागाहून वाढलं. १९११ च्या 'मानापमान'ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, १९१६ च्या 'स्वयंवर'ला भास्करबुवा बखल्यांनी. ज्या गाण्यांना आपण घाबरतो ती बहुतेक या काळातली किंवा त्यानंतरची. त्याआधीची तीसेक वर्षं संगीत नाटक कीर्तनाच्या शेजारीच राहत होतं. सप्ताहात वाढलेल्या पोरानं त्याला परकं म्हणावं याची मला गंमत वाटते.

चाचणीचं म्हणाल तर मराठी रंगभूमीवरची सर्वांत गाजलेली चाचणी एका आजारी मुलाची झाली. १९०१ मध्ये भाऊराव कोल्हटकर गेले आणि किर्लोस्कर मंडळीला नायिकेच्या भूमिकेसाठी गळा मिळेना. नारायण राजहंस नावाचा मुलगा, म्हणजे पुढचे बालगंधर्व, कानावरच्या उपचारांसाठी मिरजेला आलेला होता. मंडळीतल्या जाणत्यांनी त्याला ऐकलं, आणि १९०५ मध्ये मिरजेतच तो शकुंतला होऊन उभा राहिला. भास्करबुवांची तालीम त्याला मिळाली ती मंडळीत आल्यावर. निवड आधी झाली, ही तालीम नंतर. 'आधी नीट शिकतो, मग येतो' असं सांगणाऱ्यांना मी ही गोष्ट हटकून सांगतो. शिकून येणाऱ्याची वाट बघत बसलो असतो तर आमचा पडदा कधी वर गेला नसता.

याहून जवळचा दाखलाही आहे. गोदावरी ओलांडून जालना जिल्ह्यात गेलं की जांब समर्थ लागतं. तिथल्या राजकुमार तांगडे यांनी लिहिलेलं 'शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला' २०१२ मध्ये रंगमंचावर आलं. कल्पना, गाणी आणि संगीत संभाजी भगत यांचं, दिग्दर्शन मूळच्या आपल्या बीड जिल्ह्यातल्या नंदू माधव यांचं. नट बहुतेक जालन्याच्या खेड्यांतले, शेतीभाती करणारे. नाटक गाण्यांवर उभं होतं, आणि त्या गाण्यात ना ताना होत्या ना आलापी. होता तो शाहिरी आवाज आणि त्यामागचा माणूस. मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकांनी ते डोक्यावर घेतलं. त्याला कुणी संगीत नाटक म्हणत नाही. मी म्हणतो. त्यातलं पात्र गायला लागतं ते बोलून भागत नाही म्हणूनच.

आता तयारीचं.

सप्ताहातला गळा माइकपुढं तयार होतो, आणि आपल्याकडच्या साउंडवाल्याच्या मशीनवर इको कायम वर चढवलेला असतो. शब्द संपला तरी त्याची शेपटी मंडपभर फिरत राहते. त्या शेपटीवर गायकाचा श्वास निघतो, बेसूरही झाकलं जातं. चाचणी मात्र शाळेच्या वर्गात होते, माइकशिवाय, पंखा बंद करून. तिथं पहिल्या ओळीचा शेवटचा शब्द तोंडातून बाहेर पडतो आणि संपतो. सवय नसलेल्या माणसाला त्या शांततेचा धसका बसतो आणि तो ती भरायला ओरडू लागतो. म्हणून चाचणीच्या आधी काही दिवस माइकला हात लावू नका. शेतात नको, तिथं आवाज विरून जातो आणि उगाच ताणला जातो. घरातल्या सामानानं भरलेल्या खोलीत, दार लावून म्हणा. आपला कोरडा आवाज ऐकवत नसेल तर तो ऐकवेपर्यंत म्हणा. पुढं बीडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात किंवा अंबाजोगाईच्या मुकुंदराज सभागृहात प्रयोग झाला आणि माइक मिळाला, तरी कामाला येणार तो हाच आवाज.

सप्ताहाची आणखी एक देणगी असते आणि तिची अडचणही असते. मागच्या रांगेतला गायक कीर्तनकाराच्या तोंडाकडं बघून नेमक्या क्षणी चाल उचलतो. दुसऱ्याचं बोलणं ऐकून आपल्या जागी शिरण्याचं हे कसब नाटकात सोन्याच्या मोलाचं आहे आणि ते विशारद झालेल्यांकडं बऱ्याचदा नसतं. पण त्या रांगेत पट्टी ठरवणारा दुसराच असतो. सगळे ज्या उंचीवर गातात तिथं आपणही पोचायचं, ही सवय लागते. परिणाम असा की दहा वर्षं गाणाऱ्या पोराला मी "पट्टी कोणती?" विचारतो तेव्हा तो माझ्याकडंच बघतो. आपली पट्टी शोधणं अवघड नाही. मोबाइलवर तानपुरा लावा, जे पद म्हणायचं त्याचा सर्वांत वरचा स्वर कुठं लागतो ते बघा, आणि तो स्वर शब्दासकट, घसा बसलेल्या दिवशीही ज्या पट्टीत सहज निघेल ती तुमची. पुरुषांना बरेचदा काळी एक ते काळी दोनच्या आसपास बरं पडतं, बायकांना काळी चार-काळी पाच, पण हा काही कायदा नाही. येऊन नुसतं "काळी एक द्या" म्हणालात तरी पेटीवाल्याच्या मनात तुमच्याविषयी चांगलं मत होतं. माझ्या तरी होतं.

तबलजीशीही दोन शब्द बोला. केरवा, दादरा, धुमाळी, जे असेल ते सांगा, नाव माहीत नसेल तर चुटकी वाजवून लय दाखवा. अंतऱ्याआधी थांबणार असाल तर आधी सांगा. मोबाइलवरचा ट्रॅक आणू नका. ट्रॅक तुमच्यासाठी थांबत नाही, आणि आम्हाला तर बघायचं असतं की तुम्ही थांबता कुठं.

पद कोणतं निवडावं यावर मुलं फार झोप घालवतात आणि शेवटी 'कट्यार काळजात घुसली'मधलं काहीतरी घेऊन येतात. दारव्हेकरांचं हे नाटक १९६७ चं, अभिषेकीबुवांचं संगीत, वसंतराव देशपांडे खाँसाहेब. २०१५ च्या चित्रपटानं ती गाणी नव्या पिढीच्या मोबाइलमध्ये आणली. गाणी थोर आहेत, म्हणूनच टाळा. पहिली ओळ निघाली की टेबलामागचे सगळे मनातल्या मनात वसंतरावांना ऐकू लागतात आणि तुम्ही खोलीतून नाहीसे होता.

त्यापेक्षा भारूड घ्या. गंभीरपणे सांगतोय. पैठण आपल्यापासून किती लांब आहे? गोदावरीच्या पलीकडच्या तीरावर बसून एकनाथांनी सोळाव्या शतकात जे लिहून ठेवलं ते म्हणजे गाता येणाऱ्या भूमिकांचं भांडार आहे. विंचू चावलेला माणूस, सासरी गांजलेली सून, गोंधळी, जोशी, वासुदेव. प्रत्येक भारुडात कुणीतरी कुणालातरी काही सांगतं आहे, तक्रार करतं आहे, मागतं आहे. बोलणं आणि गाणं एकमेकांत गुंतलेलं. सिल्लोड तालुक्यातले निरंजन भाकरे भारूड करत तेव्हा कुठलं वाक्य बोललेलं आणि कुठलं गायलेलं हे प्रेक्षकाला सांगता आलं नसतं. चाचणीला याहून सोयीचं काय असणार? गवळणही तशीच, यशोदेकडं गाऱ्हाणं घेऊन आलेली बाई गाते, तेव्हा समोर यशोदा असावी लागते. आणि वारकरी चालींना आजच्या नाटकात जागा नाही असं कुणी म्हणत असेल तर त्यानं प्राजक्त देशमुख यांचं २०१७ चं 'संगीत देवबाभळी' आठवावं. रखुमाई आणि तुकोबांची आवली, दोनच बाया, आणि अभंग-ओवीच्या वळणाचं गाणं. त्या नाटकानं नाट्यगृहं भरवली. मोहल्ल्यातल्या पोरांना कव्वालीचा एखादा तुकडा आणावासा वाटला तर खुशाल आणावा. उर्दू शब्द त्यांच्या जिभेवर जसे बसतात तसे आमच्या भल्याभल्यांच्या बसत नाहीत, आणि 'इंद्रसभे'ची गोष्ट वर सांगितलीच आहे.

पद ठरलं की ध्रुवपद आणि एक अंतरा एवढंच तयार करा. पण त्याच्या आधीची दोन वाक्यं तयार करा. त्यांच्याकडं कुणी लक्ष देत नाही.

हे कसं करायचं ते जरा विस्तारानं लिहितो, कारण पुस्तिकेतलं सर्वांत मोठं प्रकरण याच विषयावर आहे. आधी पदाचे शब्द गद्यासारखे वाचा, एखाद्या माणसाला. आई भाकरी थापत असेल तर तिला. तिनं मधेच "कोण म्हणतंय हे? कुणाला?" असं विचारलं तर काम जमू लागलं. ती नुसतीच "छान" म्हणाली तर अजून अर्थ पोचलेला नाही. मग असं ठरवा की हे पद सुरू होण्याच्या क्षणभर आधी काय घडलं. कुणीतरी दार आपटून गेलं? कुणी आलं नाही? खोटं बोललेलं कळलं? त्यातून एक-दोन साधी वाक्यं तयार करा, आपल्याच भाषेत. ती वाक्यं बोलताना शेवटाकडं आवाज कुठल्या उंचीवर जातो ते ऐका. राग असेल तर वर जाईल, हरल्यासारखं असेल तर खाली. आता तानपुरा लावून तीच वाक्यं बोला, आणि शेवटचा शब्द पदाच्या पहिल्या स्वराच्या जवळपास आणून सोडा. ओढूनताणून नको. दोन-चार दिवसांत कानच ते करू लागतो.

जुन्या संगीत नाटकात पेटीवाला हेच करत असे. संवाद संपत आला की शेवटच्या शब्दांखाली हलकेच सूर धरायचा. नटाला सूर मिळायचा, प्रेक्षकाला कळायचंही नाही. चाचणीत तुम्ही पेटीवाल्याला "या शब्दावर सूर द्या" असं सांगितलंत तर तो नाही म्हणणार नाही. सूर मिळाल्यावर आलाप घेऊ नका. कीर्तनातून आलेल्यांना आणि मैफलीतून आलेल्यांना, दोघांनाही पहिला आकार लावून घ्यायची सवय असते. त्या आकारात पात्र मरतं आणि गायक जन्मतो. सरळ शब्दावर या. श्वास घ्यायचा तो पुढच्या बोलण्यासाठी घेतल्यासारखा घ्या. खांदे उचलून घेतलेला श्वास 'आता मी गाणार' अशी दवंडी पिटतो. आणि तान घ्यायचीच असेल तर त्या माणसाला त्या क्षणी तान घ्यायला काय कारण आहे ते आधी स्वतःला सांगा. कारण सापडलं तर घ्या. विशारदवाल्यांची अडचण म्हणालो होतो ती हीच. त्यांना कारणाशिवाय तान येते.

गाणं झालं की दिग्दर्शक हातात एखादं पान देतो आणि वाचायला सांगतो. इथं आपली मुलं अचानक बातम्या वाचू लागतात. "काय करूलालास?" असं दिवसभर बोलणारा पोरगा कागद हातात येताच आकाशवाणीचा निवेदक होतो. बोलीची लाज हा आपल्याकडचा जुना रोग. पौराणिक नाटकाची भाषा वेगळी असते, तिच्यात न-ण आणि ल-ळ चोख लागतात, त्याचा सराव करायलाच हवा. पण तो अंगरखा आहे, घालता येतो, काढताही येतो. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकट्यानं बावन्न पात्रं उभी करत, आणि त्यातल्या माणसांना जिवंत ठेवत होती ती त्यांची बोली. तोच प्रयोग पुढं आपल्या माजलगावच्या संदीप पाठक यांनी हाती घेतला. माजलगावचा माणूस मराठवाडी बोलीत मुंबईची नाट्यगृहं हसवतो, आणि आपण वर्गातल्या चाचणीत ती लपवतो! दोन्ही दाखवा. आधी पानावर आहे तसं वाचा, आणि दिग्दर्शकानं वाव दिला तर तेच आपल्या गावच्या माणसासारखं.

"स्वतःबद्दल सांगा" म्हटलं तर मुक्काम पोस्ट, तालुका, शिक्षण असा बायोडाटा नको. १९७५ मध्ये न्यूयॉर्कला 'अ कोरस लाइन' नावाचं संगीत नाटक आलं आणि पंधरा वर्षं चाललं. अख्खं नाटक एका चाचणीवर आहे. खऱ्या नर्तकांनी रात्रभर मारलेल्या गप्पा टेपवर घेऊन त्यातून ते रचलं. त्यातला दिग्दर्शक नाच बघतोच, पण प्रत्येकाला विचारत राहतो की तू कोण, इथं का आलास. आम्हालाही तेच हवं असतं. रोज पहाटे दूध घालायला जाताना गाता, असं सांगितलंत तरी आमच्या डोळ्यांपुढं माणूस येतो.

घशाबद्दल फार लिहीत नाही. खडीसाखर, लवंग, ज्येष्ठमध यांनी मन शांत होतं, तेवढं पुरे. आदल्या रात्री जागरणात गाऊ नका, पाणी पीत राहा. कपडे असे घाला की खाली बसता येईल. बसायला सांगितलं तर जीन्स आडवी येते.

मुलींविषयी मात्र लिहिलंच पाहिजे. आपल्याकडं मुलगी चाचणीला येते तेव्हा बाहेर बाकावर आई, भाऊ किंवा मामा बसलेला असतो. काही मंडळांना ही कटकट वाटते. मला वाटतं की त्या माणसाला आत बोलवावं, चहा द्यावा, तालीम किती वाजता संपते आणि घरी सोडायला कोण जातं हे त्याला सांगावं. बायका रंगमंचावर आल्या त्याला आता शतक होत आलं, १९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा'त ज्योत्स्नाबाई भोळे उभ्या होत्या. पण केज किंवा वडवणीच्या घरात प्रश्न आजही शेवटच्या एसटीचा असतो. रात्री साडेनऊला तालीम सोडणाऱ्या मंडळाला नायिका मिळत नाही आणि मग मंडळ म्हणतं की आपल्याकडं मुली पुढं येत नाहीत. मुलींनीही हे चाचणीतच विचारावं. विचारलं म्हणून कुणी नाकारत असेल तर त्या मंडळात जाऊ नये.

तसाच प्रश्न पंचांगाचा. राज्य शासनाची हौशी नाट्यस्पर्धा १९५४ पासून चालू आहे आणि मराठवाड्यातलं हौशी नाटक बहुतांशी तिच्याच वेळापत्रकावर चालतं. प्राथमिक फेरी साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात, म्हणून तालमी पावसाळ्याच्या शेवटी, आणि रंगीत तालीम दिवाळीच्या मागेपुढे. नेमक्या याच काळात दसरा झाला की साखर कारखान्यांकडं ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, डोंगरपट्ट्यातली गावंच्या गावं रिकामी होतात. उचल घेतलेला माणूस नाटकासाठी मागं राहू शकत नाही. म्हणजे जिल्ह्यातले कितीतरी गळे आमच्या चाचणीपर्यंत पोचतच नाहीत, आणि आम्ही उरलेल्यांतून 'बीडची गुणवत्ता' निवडतो. जागरणात अख्खी रात्र काढणारे, मुखपाठ म्हणणारे, ज्यांना पाठांतराची भीती कशी ती माहीत नाही, असे लोक त्या वेळी सांगली-कोल्हापूरकडं किंवा कर्नाटकात फडात असतात. टोळ्या परततात चैत्र-वैशाखात. स्पर्धेची तारीख आपल्या हातात नाही, पण नाटक फक्त स्पर्धेसाठीच बसवायचं असं कुणी सांगितलं? वैशाखात चाचणी, उन्हाळभर संध्याकाळच्या तालमी, आणि पेरण्या उरकल्यावर आषाढात प्रयोग, असं एक वर्षाआड तरी व्हावं.

पुस्तिकेची शेवटची काही पानं म्हणूनच टेबलामागं बसणाऱ्यांसाठी आहेत. उमेदवारानं काय करावं हे सांगणारे पुष्कळ. आम्ही काय करावं हे कुणी सांगत नाही. त्यातलं थोडं इथंच लिहितो. लांबच्या गावाहून आलेल्यांना आणि मुलींना आधी घ्या, शहरातले थांबू शकतात. पट्टी उमेदवाराची, तुमच्या सोयीची नाही. कुणी गात असताना आपसांत हसू नका, मोबाइल बघू नका. एका गाण्यावर निकाल लावू नका. "हेच जरा रागानं म्हणा" असं सांगून बघा, कारण सांगितलेलं ऐकून बदलू शकणारा माणूस तालमीत हवा असतो आणि तो पहिल्या गाण्यात ओळखू येत नाही. ज्याला भूमिका मिळणार नाही त्याला नांदीत, समूहात, पडद्यामागं कुठं जागा आहे ते त्याच दिवशी मोकळेपणानं सांगा, आणि त्याला ती नको असेल तर गळ घालू नका. निकाल सगळ्यांना कळवा, फोन करून, निवड न झालेल्यांना आधी.